दोन चाकांचा पोशाख: कासोट्यापासून विंडचीटरपर्यंत

१/ सायकलीवर बसताना अंगावर काय घालावे, हा प्रश्न आज कपड्यांच्या दुकानात सुटतो. १८९९ साली तो इंग्लंडमध्ये ज्यूरीपुढे गेला होता. सायकलीच्या पोशाखाचा इतिहास हा लोकर, सूत आणि नायलॉनचा इतिहास आहेच. रस्त्यावर कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हे ठरवण्याच्या भांडणाचाही तो इतिहास आहे. लंडनहून निघून रेणापूरपर्यंत येणारा हा थ्रेड त्याच भांडणाविषयी.

२/ सुरुवात रेणापूरच्या हवेपासून केलेली बरी. लातूरपासून सुमारे २० किलोमीटरवर, रेणा नदीच्या खोऱ्यात, बालाघाटच्या पठारावर हे गाव आहे. मे महिन्यात पारा चाळिशीला भिडतो. पौषातल्या पहाटे तो दहा अंशांच्या आसपास उतरतो. पावसाळ्यात काळी माती चाकाला, मडगार्डला आणि पायघोळ कपड्याला सारखीच चिकटते. एकाच सायकलस्वाराला वर्षात तीन वेगळे पोशाख लागतात. जगभरच्या सायकलस्वारांनी याच तीन शत्रूंशी, म्हणजे ऊन, वारा आणि ओल यांच्याशी, दीडशे वर्षे झुंज दिली आहे.

३/ सायकल आजच्या रूपात आली ती १८८५ च्या सुमारास. जॉन केम्प स्टार्ली याच्या ‘रोव्हर’ सायकलीला जवळपास सारख्या आकाराची दोन चाके होती आणि मागचे चाक साखळीने फिरत होते. १८८८ मध्ये डनलपने हवेचा टायर आणला. त्यापूर्वीची उंच चाकाची सायकल म्हणजे धाडसी तरुणांचा खेळ होता. रोव्हरनंतर सायकल सर्वांची झाली. पण साखळीही त्याच वेळी आली. सायकलस्वाराच्या कपड्यांची पहिली खरी शत्रू तीच.

४/ पोशाखाचा विचार मात्र त्याआधीच सुरू झाला होता. १८७८ साली इंग्लंडमधील हॅरोगेट येथे सायकलवरून प्रवास करणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. पुढे ती ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा पहिला गणवेश गडद हिरवा होता. कच्च्या रस्त्यांवर त्यावर धूळ उठून दिसू लागली, तेव्हा करड्या लोकरी कापडाचा गणवेश आला. हिंदुस्थानातील फौजेने खाकी रंग स्वीकारला त्यामागेही धुळीचाच विचार होता. फारसी ‘खाक’ म्हणजे माती, धूळ. धुळीला हरवता येत नाही, तेव्हा तिचाच रंग अंगावर घ्यावा, हा शहाणपणा दोन्हीकडे एकाच मार्गाने पोहोचला.

५/ त्या काळी लोकरीवर युरोपाची फार श्रद्धा होती. गुस्ताव येगर या जर्मन शास्त्रज्ञाने तर अंगाला केवळ प्राणिजन्य कापडच लागावे, असा सिद्धान्त मांडला आणि १८८४ मध्ये त्याच्या नावाचे दुकान लंडनमध्ये उघडले. सिद्धान्त अतिरेकी होता. अनुभव मात्र खोटा नव्हता. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. भिजल्यावरही ती ऊब पूर्णपणे सोडत नाही. सूत भिजले की अंगाला चिकटते आणि अंगातली ऊब खेचून घेते.

६/ ही गोष्ट मराठवाड्यातील मेंढपाळाला कोणा जर्मन पंडिताने सांगावी लागली नाही. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचे घोंगडे थंडीत पांघरूण होते, पावसात खोळ होते, दुपारी आसन होते. लोकरीतला नैसर्गिक मेणचटपणा आणि घट्ट बसलेले तंतू पाऊस बराच वेळ बाहेर ठेवतात. तरीही सायकल आली तेव्हा घोंगडे मागे राहिले. चालणाऱ्याला ते पेलते. पेडल मारणाऱ्याच्या खांद्यावर त्याचे ओझे होते, वाऱ्यात त्याचे शीड होते आणि सुटलेले टोक चाकात जाते. साहित्य योग्य, शिवण मात्र चुकीची, अशी ही अडचण होती. सायकलच्या जॅकेटचा पुढचा सारा इतिहास हीच अडचण सोडवण्याचा आहे.

७/ स्त्रियांची अडचण याहून मोठी होती. १८५१ मध्ये अमेरिकेत अमेलिया ब्लूमर यांनी आपल्या नियतकालिकातून आखूड झगा आणि खाली सैल विजार अशा वेशाचा पुरस्कार केला. तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्या विजारीचा आदर्श तुर्की स्त्रियांची सलवार हा होता. म्हणजे पश्चिमेने ज्या वस्त्राची टर उडवली, ते पूर्वेकडील असंख्य घरांत रोजचे होते. ब्लूमर यांचा वेश काही वर्षांत मागे पडला. १८९० च्या दशकात सायकलीने त्याला पुन्हा रस्त्यावर आणले.

८/ लंडनमध्ये १८८१ साली लेडी हार्बर्टन यांच्या पुढाकाराने ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’ स्थापन झाली. स्त्रीच्या आतील कपड्यांचे वजन सात पौंडांहून अधिक नसावे, अशी तिची मागणी होती. सात पौंड म्हणजे तीन किलोंहून जास्त! ही जर सवलत असेल, तर प्रत्यक्षातले ओझे किती असेल याचा अंदाज यावा. असे वजन कमरेला बांधून, आवळलेल्या कॉर्सेटमध्ये श्वास कोंडून, पेडल मारणे कोणालाही शक्य नव्हते.

९/ ऑक्टोबर १८९८ मध्ये याच लेडी हार्बर्टन विजारीसारख्या सायकल-वेशात सरे परगण्यातील ऑकम गावच्या ‘हॉटबॉय’ हॉटेलात पोहोचल्या. मालकीणबाईंनी त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. मद्याच्या गुत्त्याशेजारच्या खोलीत बसावे, असे सुचवले. सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबने प्रवाशाला सेवा नाकारल्याबद्दल खटला उभा केला. एप्रिल १८९९ मध्ये ज्यूरीने मालकिणीला निर्दोष ठरवले. खोली देऊ केली होती, एवढे कायद्याला पुरेसे वाटले. वेशाचा प्रश्न न्यायालयात हरला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत रस्त्यावर जिंकला.

१०/ या साऱ्या गदारोळाच्या साठ वर्षे आधी, एका मराठी छावणीत हाच वाद हसण्यावारी निघाला होता. दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई ग्वाल्हेरची सत्ता गेल्यावर फतेहगडला राहत होत्या. १८३५ मध्ये फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासी त्यांच्या भेटीस गेली. दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून घोड्यावर बसण्याची इंग्रज स्त्रियांची रीत पाहून तेथील मराठा स्त्रियांना मोठी गंमत वाटली. पुढे फॅनीने मराठी वेश केला, घोड्यावर नीट मांड टाकली आणि ही बैठक किती सुखाची व सुरक्षित आहे, हे आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले.

११/ कारण उघड होते. कासोटा घातलेले नऊवारी लुगडे पायांना वेगवेगळे मोकळे ठेवते. शेतात, चिखलात, घोड्यावर, जात्यापाशी ते आड येत नाही. युरोपातील स्त्रिया ज्या दुभागलेल्या वस्त्रासाठी भांडत होत्या, ते महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या नेसले जात होते. इतिहासाचा विपर्यास असा, की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरांत सायकल वाढली, त्याच काळात शिकलेल्या मध्यमवर्गीय घरांतून नऊवारी मागे पडून गोल साडी प्रतिष्ठेची झाली. सायकलला सोयीचे वस्त्र जुनाट ठरले आणि गैरसोयीचे वस्त्र सुधारणेचे चिन्ह बनले.

१२/ वस्त्र बदलत नाही म्हटल्यावर यंत्र बदलले. पुढची आडवी नळी खाली वाकवून ‘लेडीज सायकल’ तयार झाली. मागच्या चाकावर साडी जाऊ नये म्हणून जाळी आली. साखळीवर संपूर्ण झाकण आले. त्यामुळे साडी, धोतर आणि पायजमा तिघेही वाचले. सायकलींचे शहर म्हणून नाव मिळवलेल्या पुण्यात अशा सायकलींवरून शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुली हे पुढे नित्याचे दृश्य झाले. ज्या भागांना आज आपण केवळ ‘ॲक्सेसरी’ म्हणतो, ते मुळात पोशाखाशी झालेले तह आहेत.

१३/ पुरुषांनीही तडजोड केलीच. धोतर नेसणारा सायकलस्वार सोगा खोचून घेई. पायजमा किंवा पॅन्ट घालणारा उजव्या घोट्याला लोखंडी क्लिप लावी, कारण साखळी उजवीकडे असते. शिक्षक, पोस्टमन, तलाठी यांच्या घोट्यावरची ती क्लिप अनेकांना आठवत असेल. १९७० च्या दशकात बेलबॉटमची फॅशन आली, तेव्हा क्लिपची गरज अधिकच वाढली. रुंद पायघोळ साखळीत सापडून तेलाचे डाग आणि फाटलेली घडी घेऊन घरी येई. क्लिप नसेल तर पायमोजात पॅन्ट खोचण्याचा उपाय आजही तितकाच चालतो.

१४/ ऋतूंचे गणित किती कठीण असते, हे मुंबईच्या तरुणांनी जगाला दाखवले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर पूर्ण करून परतले. इराण आणि इराकचे वाळवंट, आल्प्सची थंडी, आग्नेय आशियातील दमट जंगले, हे सारे त्यांनी पार केले, तेव्हा कृत्रिम धाग्याचे जॅकेट जन्मालाही आले नव्हते. त्यांच्या प्रवासग्रंथाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने सुमारे २९ हजार किलोमीटरची प्रदक्षिणा १५९ दिवसांत पूर्ण केली, तेव्हा काळ आणि कापड दोन्ही बदललेले होते.

१५/ मधल्या काळात शर्यतींनी पोशाख घडवला. १९०३ मध्ये सुरू झालेल्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये स्वार लोकरीची जर्सी घालत. १९१९ मध्ये आघाडीवरील स्वारासाठी पिवळी जर्सी आली; ती प्रथम युजीन क्रिस्तोफच्या अंगावर चढली. पाठीवरचे खिसे याच परंपरेतले, कारण वाकून बसणाऱ्याच्या छातीवरचा खिसा लटकतो आणि पाठीवरचा स्थिर राहतो. घाटमाथ्यावर पोहोचल्यावर स्वार जर्सीत छातीशी वर्तमानपत्र खोचून उतरणीला लागत. कागद वारा अडवतो आणि घडीत हवा धरून ठेवतो. जगातले सर्वांत स्वस्त विंडचीटर हेच.

१६/ मग रसायनशास्त्र आले. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिएस्टरचा धागा तयार झाला. १९५८ मध्ये ताणला जाणारा स्पॅन्डेक्स आला. १९७० च्या दशकात त्याच्या चड्ड्या शर्यतींत दिसू लागल्या. १९६९ मध्ये बॉब गोर याने घामाची वाफ बाहेर सोडणारा पण पाणी आत न घेणारा पडदा शोधला. १९७९ मध्ये हलके, उबदार फ्लीस आले. आपल्याकडे या क्रांतीचे पहिले नाव होते ‘टेरिकॉट’. इस्त्री नको, लवकर वाळते, फाटत नाही, म्हणून कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्यानेही ते आनंदाने अंगावर घेतले. उन्हात ते अंगाला चिकटते, हे कळायला एक उन्हाळा पुरला.

१७/ या इतिहासातून आजच्या निवडीसाठी काय हाती लागते? आधी थंडी घेऊ. वारा पडलेला असला, तरी ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार स्वतःच ताशी २० किलोमीटरचा वारा निर्माण करतो. त्या वेगात दहा अंशांची पहाट अंगाला साधारण सात अंशांची वाटते. म्हणून पहिले काम वारा अडवण्याचे, ऊब देण्याचे दुसरे. जाड स्वेटरच्या विणीतून वारा आरपार जातो. त्याच स्वेटरवर पातळ विंडचीटर चढवले की तो दुप्पट उपयोगी होतो. पेडल मारताना अंग तापते, त्यामुळे निघताना किंचित थंडी वाजणे हेच योग्य मोजमाप. घरातच उबदार वाटले, तर दोन किलोमीटरवर घाम फुटणार आणि थांबताच तो गोठवणार.

१८/ जॅकेटची शिवण पाहताना उभे राहून पाहू नये. हात पुढे करून, वाकून पाहावे. पाठ लांब हवी, नाहीतर कंबर उघडी पडते. बाही मनगटापर्यंत पुरावी. गळ्यापाशी चेन हवी, म्हणजे चढावर उघडता आणि उतारावर लावता येते. काखेत किंवा पाठीवर हवा जायला वाट असावी. बसण्याच्या जागी जाड शिवण नको. जीन्सची मधली शिवण दहा-पंधरा किलोमीटरनंतर टोचू लागते. शर्यतीच्या चड्डीत पूर्वी मऊ कातडे असे, आता फोम असतो. त्याच्या आत दुसरे वस्त्र घालत नाहीत, कारण घर्षण टाळण्यासाठीच तो असतो.

१९/ उन्हाचे उत्तर जुन्या पोशाखात आहे. १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात वाळवंटातील बदाउनी लोकांच्या काळ्या झग्यांवर संशोधन प्रसिद्ध झाले. काळा झगा पांढऱ्यापेक्षा अधिक उष्णता घेतो, पण सैल असल्याने ती त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच हवेबरोबर निघून जाते, असे त्यात आढळले. रंगापेक्षा सैलपणा महत्त्वाचा. पांढरे धोतर, सुती बंडी, डोक्याला पटका हा मराठवाड्याचा पोशाख रंग आणि सैलपणा दोन्ही साधतो. आजच्या स्वाराने पूर्ण बाहीचा सैल, पातळ सदरा घ्यावा आणि मानेवर ओली दस्ती ठेवावी. उघडे हात थंड राहतात हा भ्रम आहे, ते भाजतात.

२०/ पावसात संपूर्ण जलरोधक कपडा आणि घाम यांचे वैर आहे. रबरी रेनकोट बाहेरचे पाणी अडवतो आणि आतला घामही अडवतो. स्वार आतूनच भिजतो. पोत्याची खोळ डोक्यावर घेणाऱ्याला खालून हवा मिळत असे, म्हणून तो गुदमरत नसे. इंग्लंडमधील सायकलस्वारांचा खांद्यावरून हँडलपर्यंत पसरणारा केपही त्याच तत्त्वाचा. छोट्या अंतरासाठी खालून मोकळा, पण मागच्या चाकापासून दूर बांधलेला केप स्वस्त आणि पुरेसा असतो. कपड्यांइतकेच महत्त्व मडगार्डला. काळ्या मातीचा पाठीवर उडणारा पट्टा कोणतेही जॅकेट थांबवू शकत नाही.

२१/ आता या प्रश्नाचा सर्वांत गंभीर भाग. १९९० च्या दशकाच्या आरंभी तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता चळवळीबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया साडी नेसूनच सायकल शिकल्या. लेडीज सायकली मिळेनात, तेव्हा पुरुषी सायकली घेतल्या. बिहारने २००६ मध्ये शाळकरी मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. तिच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुला-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. शाळेचे अंतर चाकाने कापले. आता चाकाजवळ काय लोंबते, तेही पाहायला हवे.

२२/ सलवार-कमीज हा सायकलला सोयीचा वेश. ब्लूमर यांच्या विजारीचा तो मूळ नातलगच. धोका असतो तो ओढणीचा. १९२७ मध्ये नीस येथे नर्तकी इसाडोरा डंकन हिची लांब ओढणी मोटारीच्या चाकात गुंतली आणि तिचा मृत्यू झाला. दुचाकी आणि रिक्षाच्या चाकात ओढणी अडकून मानेला होणाऱ्या गंभीर इजा भारतीय डॉक्टरांनी वारंवार नोंदवल्या आहेत. उपाय बिनखर्चाचा आहे: ओढणीची दोन्ही टोके कमरेला गाठ मारून बांधावीत किंवा पिनने बसवावीत, मागे सोडू नयेत. जाळी तुटली असेल तर आधी जाळी बसवावी. कित्येक शाळांनी ओढणीऐवजी जाकीट गणवेशात घेतले आहे. हा बदल फॅशनचा नसून जिवाचा आहे.

२३/ शेवटी दिसण्याचा प्रश्न. कसे दिसते याचा नव्हे, दिसते की नाही याचा. रेणापूर तालुक्यात निवाडा येथे रेणा सहकारी साखर कारखाना आहे. उसाचा गळीत हंगाम आणि अंधाऱ्या, धुक्याच्या पहाटा एकाच वेळी येतात. उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि शिकवणीला निघालेल्या सायकली एकाच रस्त्यावर असतात. काळे किंवा निळे जॅकेट तेथे अदृश्य होते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन याने १९७३ मध्ये दाखवले, की अंधारात केवळ सांध्यांवरचे ठिपके हलताना दिसले, तरी माणूस चालतो आहे हे डोळ्यांना क्षणात उमगते. म्हणून चकाकणारी पट्टी पाठीइतकीच घोट्यावरही हवी. पेडलबरोबर ती वरखाली होते आणि मागच्या चालकाला सांगते की पुढे माणूस आहे.

२४/ घोट्यावरची लोखंडी क्लिप पॅन्ट वाचवत असे. तिच्या जागी आलेली चकाकती पट्टी पॅन्टही वाचवते आणि माणूसही. लेडी हार्बर्टन यांना जे दालन नाकारले गेले, ते वेशामुळे. फॅनी पार्क्स हिला जी मोकळी बैठक मिळाली, तीही वेशामुळेच. रेणापूरच्या रस्त्यावरून पहाटे शाळेला निघालेल्या मुलीच्या बाबतीत निवड अशी आहे: वारा अडवणारे हलके जॅकेट, बांधलेली ओढणी, शाबूत जाळी, घोट्यावर पट्टी. चारही गोष्टी तालुक्याच्या बाजारात मिळतात.